गावठाणाबाहेरचा पट्टा : खान्देशातील जमीन-वापराच्या नियमनाचा आढावा

खान्देशातल्या एखाद्या बाजारगावच्या कडेचा सातबारा उतारा हातात घ्यावा. गट एकच, क्षेत्र वीस-बावीस गुंठे, पण भोगवटादारांच्या रकान्यात नावे पंधरा. आडनावे पाहिली तर पाटील, महाजन, कोळी, पिंजारी, सोनवणे. म्हणजे ही भावाभावांची वाटणी नव्हे. सगळ्यांनी मिळून सामाईक खरेदी केलेली आहे. पीकपाहणीत जुना कापूस अजून उभा आणि इतर हक्कांच्या रकान्यात ‘तुकडा’ असा शेरा. जागेवर जावे तर पंधरा घरे, अर्धवट गटार, एक मारुतीचे मंदिर आणि तोंडाशी ‘साईनगर’ अशी कमान. याच घरांचे ग्रामपंचायतीकडचे नमुना 8 चे उतारे मागितले तर तेही मिळतात, घरपट्टीही भरलेली असते. एकाच जागेला महसूल खाते शेत म्हणते, पंचायत घर म्हणते आणि बँक कर्ज देत नाही म्हणते.

जळगाव जिल्ह्याचे पंधरा आणि धुळे जिल्ह्याचे चार तालुके मिळून जो ग्रामीण मुलूख होतो, त्यात गावठाणाची हद्द संपते तिथून नगरपालिकेची हद्द सुरू होते तिथपर्यंतचा हा पट्टा. या जमिनीवर काय करावे आणि काय करू नये, हे कोणी ठरवायचे? वाद जुना आहे. गेल्या दहा-बारा वर्षांत कायद्यांची घडी इतक्यांदा मोडून पुन्हा घातली गेली, की तो आज कुठे उभा आहे हे एकदा नीट मांडायला हवे.

मागची वाट

सरकारने नियम करण्याआधी या भागात जमिनीच्या वापरावर बंधन नव्हते असे समजण्याचे कारण नाही. पांझरा, कान, बुराई या नद्यांवर दगडी बंधारे घालून चालणारी फड पद्धत ही तीनएकशे वर्षांची व्यवस्था. बंधाऱ्याखालचे क्षेत्र साधारण चार फडांत वाटलेले असे. एका फडात एकच पीक. यंदा कोणत्या फडात ऊस, कोणत्यात हंगामी पीक आणि कोणता कोरडा ठेवायचा, हे लाभधारकांची पंचमंडळी ठरवत. पाटकरी पाणी फिरवी, जागल्या राखण करी, हवालदार सगळ्यांवर नजर ठेवी. स्वतःच्या शेतात काय पेरायचे याचा निर्णय शेतकऱ्याच्या एकट्याच्या हाती नसे आणि याबद्दल फारशी तक्रारही नसे. कारण बहुतेकांची थोडीथोडी जमीन प्रत्येक फडात असे. पाण्याचा लाभ आणि झळ दोन्ही सगळ्यांना सारखी. पुढे तुकडेबंदीच्या कायद्याने ज्या विखुरलेल्या पट्ट्यांना दोष मानले, त्याच पट्ट्यांवर फडाचा न्याय उभा होता. आढाव्यांत सहसा सुटणारी ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते.

सरकार या व्यवहारात आले ते सारा ठरवण्याच्या वाटेने. 1818 नंतर खान्देश इंग्रजांच्या ताब्यात आला आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला ब्रिटिश मोजणी अधिकारी विंगेट यांच्या पद्धतीची मोजणी सुरू झाली. 1852 मध्ये सावदा, रावेर, यावल, फैजपूर या भागांत तिच्याविरुद्ध शेतकऱ्यांचे मोठे जमाव जमले आणि ते मोडायला लष्कर आणावे लागले. साखळी आणि झेंडे घेऊन शिवारात शिरणाऱ्या मोजणीदाराबद्दलचा संशय तेव्हापासूनचा आहे. त्यानंतर 1879 चा मुंबई जमीन महसूल कायदा आला. शेतीसाठी आकारलेली जमीन दुसऱ्या कामाला लावायची तर कलेक्टरची परवानगी लागेल, हे त्याच्या 65 व्या कलमाने ठरवले. आज ज्याला आपण ‘एनए’ (अकृषिक परवानगी) म्हणतो त्याचे मूळ इथे आहे. नगररचना तेव्हा कोणाच्या डोक्यात नव्हती; वापर बदलला की आकारणी बदलली पाहिजे एवढाच हिशेब होता.

स्वातंत्र्याच्या आगेमागे यात आणखी कायद्यांची भर पडली. 1947 चा तुकडेबंदी आणि जमीन एकत्रीकरणाचा कायदा. 1948 चा कूळकायदा, ज्याच्या 63 व्या कलमाने बिगरशेतकऱ्याला शेतजमीन घ्यायला मज्जाव केला. 1961 चा कमाल जमीनधारणेचा कायदा. प्रत्येकाचा हेतू वेगळा होता. शेत किफायतशीर राहावे, कसणाऱ्याला जमीन मिळावी, एका हाती फार साठू नये. गावाची वाढ कशी व्हावी हा हेतू त्यात कुठेच नव्हता.

1966 हे वर्ष निर्णायक. त्या वर्षी महाराष्ट्राने दोन कायदे केले: जमीन महसूल अधिनियम आणि प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम. पहिला परवानगी देणारा, दुसरा नकाशा काढणारा. दोन्हींची खाती, माणसे, कागद आणि भाषा वेगळी. शहरांत दुसऱ्याने पहिल्याला हळूहळू मागे सारले. खेड्यांत मात्र कित्येक वर्षे पहिलाच चालला, कारण प्रादेशिक योजना तयार व्हायला दशके लागली. तोवर घर कसे बांधायचे, रस्ता किती फुटी सोडायचा, हे 1969 च्या अकृषिक आकारणी नियमांना जोडलेल्या परिशिष्टावरून ठरे. म्हणजे बांधकामाची नियमावली आकारणीच्या नियमांच्या शेपटाला बांधलेली होती.

आजची चौकट

कागदावर पाहता या पट्ट्यावर तीन सत्ता आहेत. जिल्हाधिकारी आणि त्यांच्या हाताखालचे प्रांत-तहसीलदार ही पहिली, नगररचना विभाग ही दुसरी आणि ग्रामपंचायत ही तिसरी. 1958 च्या ग्रामपंचायत अधिनियमाच्या 52 व्या कलमाने बांधकाम परवानगीचा अधिकार पंचायतीकडे दिला होता. पुढच्या सुधारणांनी तो गावठाणापुरता आखडला आणि गावठाणाबाहेरचे काम जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. गावठाण म्हणजे जुन्या मोजणीत घरांसाठी राखलेली जागा. बऱ्याच गावांत ती कधीच भरली, विस्तार योजना तोकड्या पडल्या. त्यामुळे गाव वाढते आहे तिथे पंचायतीला अधिकार नाही, आणि अधिकार आहे तिथे बांधायला जागा नाही.

2014 पासून महसूल अधिनियमात 42-अ ते 42-ड ही कलमे टप्प्याटप्प्याने आली. विकास योजना किंवा प्रादेशिक योजना यांनी जी जमीन निवासी वा अन्य वापरासाठी दाखवली असेल, तिच्यासाठी वेगळी अकृषिक परवानगी मागण्याची गरज नाही. रूपांतर कर आणि आकारणी भरली की सनद मिळावी. खान्देशासाठी यातले सर्वांत महत्त्वाचे कलम 42-ड. गावठाणाच्या हद्दीपासून 200 मीटरच्या आतली जमीन योजनेनुसार निवासी वापरासाठी रूपांतरित झाली असे मानण्याची तरतूद त्यात आहे. तहसीलदाराने आपण होऊन धारकाला नोटीस द्यायची, अशी उलटी वाट कायद्याने घालून दिली. कल्पना चांगली होती. अडचण मोजणीची. गावठाणाची कड नेमकी कुठे संपते, हे ठरल्याशिवाय 200 मीटर कुठून मोजायचे?

तो प्रश्न निदान अंशतः सुटतो आहे. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावी ड्रोनने गावठाण मोजण्याचा प्रयोग झाला. पुढे 24 एप्रिल 2020 रोजी केंद्राची ‘स्वामित्व’ योजना सुरू झाली आणि गावोगाव मिळकत पत्रिका निघू लागल्या. गावठाणातल्या घराला पहिल्यांदा नकाशाचा आधार मिळाला. पण ही मोजणी गावठाणापाशीच थांबते. साईनगरच्या घरांना तिचा उपयोग नाही.

डिसेंबर 2020 मध्ये एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली आली आणि प्रादेशिक योजनांच्या क्षेत्रालाही जवळजवळ शहरासारखेच नियम लागू झाले. त्याचा बोजा खेड्यातल्या साध्या घरावर पडू नये म्हणून 2021 मध्ये ग्रामविकास खात्याने सवलत जाहीर केली: 1,600 चौरस फुटांपर्यंतच्या घराला परवानगीची गरज नाही, 3,200 चौरस फुटांपर्यंत कागदपत्रे पंचायतीकडे दिली की पुरे. सवलत चांगलीच आहे, पण तिला एक अट चिकटलेली आहे. जमीन रीतसर असली पाहिजे. घराचा नकाशा सोपा झाला तरी त्याखालच्या जमिनीचा कागद तिथेच अडकतो.

महामार्गाची गोष्ट निराळी. सुरत-धुळे-जळगाव-नागपूर आणि मुंबई-आग्रा हे दोन मोठे रस्ते या मुलखातून जातात; त्यांच्या कडेने ढाबे, शोरूम, मंगल कार्यालये, शाळा यांची रांग लागलेली आहे. इथे 1955 च्या महामार्ग अधिनियमातल्या इमारत रेषा आणि नियंत्रण रेषा लागू होतात. रुंदीकरणाच्या वेळी ज्यांचे ओटे-पत्रे पडले, त्यांना या रेषा तेव्हाच पहिल्यांदा कळल्या.

तुकडेबंदीचा लंबक

या सगळ्या चौकटीत सर्वसामान्य माणसाला सर्वांत जास्त भिडणारा कायदा तुकडेबंदीचाच. त्याचा आशय सोपा आहे. ठरावीक प्रमाणभूत क्षेत्रापेक्षा लहान शेतजमीन स्वतंत्र विकता येणार नाही. हे क्षेत्र पूर्वी भागाभागात वेगळे होते. ऑगस्ट 2023 च्या अधिसूचनेने ते बहुतेक राज्यासाठी जिरायतीला 20 गुंठे आणि बागायतीला 10 गुंठे असे एकसारखे केले.

ज्याला घरापुरता एक-दीड गुंठा हवा आहे त्याच्यासाठी 10 गुंठेही फार. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. शिक्षक, बसचालक, केळीच्या गाड्या भरणारा मजूर, शेती विकून गावात आलेला अल्पभूधारक, यांची ऐपत तेवढीच. म्हणून मग दहा-पंधरा जणांची सामाईक खरेदी होते, नाहीतर मुद्रांकावर नोटरी. चतुःसीमा कागदावर येत नाहीत, त्या चुन्याने आखल्या जातात. पुढे एकाने विकायचे म्हटले की इतर चौदांच्या सह्या लागतात आणि त्यांतला एखादा मयत झाला की त्याचे वारस शोधत बसावे लागते.

शासनाची भूमिका या बाबतीत सतत हेलकावत राहिली आहे. 2001 च्या गुंठेवारी अधिनियमाने 1 जानेवारी 2001 पूर्वीची बांधकामे नियमित करण्याचा मार्ग काढला. 2021 मध्ये ही मर्यादा 31 डिसेंबर 2020 पर्यंत आणली. त्याचा फायदा मुख्यतः शहरांना. तुकडेबंदीत 2017 ची सुधारणा झाली आणि बाजारमूल्याच्या 25 टक्के रक्कम भरून जुने व्यवहार नियमित करण्याची सोय आली. एवढी रक्कम फार थोड्यांनी भरली. उलट बाजूने, 12 जुलै 2021 रोजी नोंदणी महानिरीक्षकांच्या परिपत्रकाने मंजूर रेखांकनाशिवाय तुकड्यांची दस्तनोंदणी थांबवली. राज्यभर दुय्यम निबंधक कार्यालयांत ओरड झाली. मे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द ठरवले, पण मूळ कायदा उभाच असल्याने गोंधळ संपला नाही. मार्च 2024 मध्ये विहीर, शेतरस्ता आणि घरकुल यांच्यापुरती मुभा देणारे नियम आले. घरकुलासाठी लाभार्थीमागे 1,000 चौरस फुटांपर्यंत. ऑक्टोबर 2024 मध्ये 25 टक्क्यांचे 5 टक्के झाले. नोव्हेंबर 2025 मध्ये आणखी एक अध्यादेश निघाला. शहरी हद्दी, योजनेत अकृषिक दाखवलेली जमीन आणि गावठाणालगतचा भाग यांत 15 नोव्हेंबर 1965 ते 15 ऑक्टोबर 2024 या काळात झालेले तुकड्यांचे व्यवहार विनाशुल्क नियमित करण्याची त्याची दिशा आहे.

25 टक्के, मग 5, मग शून्य. ज्याने 2018 मध्ये प्रामाणिकपणे पैसे भरले त्याला हा क्रम काय शिकवतो, हे निराळे सांगायला नको. धोरणाच्या अंगाने त्याहून मोठा प्रश्न पुढचाच आहे: 16 ऑक्टोबर 2024 रोजी जो तुकडा पाडला गेला त्याचे काय? आजवरची प्रत्येक अंतिम तारीख पुढे सरकलेली आहे आणि प्लॉट पाडणाऱ्याला हे ठाऊक आहे.

तीन बाजू

या वादातली पहिली बाजू नियंत्रणाची. नगररचनाकार, महसुलातले बरेच अधिकारी आणि काही शेतीतज्ज्ञही इथे आहेत. त्यांचा मुद्दा असा: तापीकाठची खोल काळी जमीन एकदा सिमेंटखाली गेली की ती परत मिळत नाही. रावेर, यावल, चोपड्याच्या केळीपट्ट्याने शंभर वर्षांत जे कमावले ते चांगल्या रस्त्याकडेच्या प्लॉटिंगमध्ये दहा वर्षांत जाऊ शकते. दुसरे, नियम नसले की फसतो तो प्लॉट घेणारा. रेखांकनात 10 टक्के खुली जागा आणि 9 मीटरचा रस्ता कागदावर दिसतो, जागेवर रिक्षाही वळत नाही. तिसरे, आजची बेशिस्त उद्या कोणाला तरी निस्तरावी लागते. धुळ्याभोवतालची वलवाडी, महिंदळे, अवधान अशी गावे 2018 मध्ये महापालिकेत आली. ग्रामपंचायतीच्या काळात वसलेल्या त्यांच्या वसाहतींना रस्ते, गटारी, पाणी देण्याचा खर्च सगळ्या शहराच्या डोक्यावर आला.

दुसरी बाजू शेतकऱ्याच्या मोकळीकीची. शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने मालमत्तेच्या हक्काचा मुद्दा खान्देशातही रुजवला, आणि अलीकडे अमर हबीब यांचे किसानपुत्र आंदोलन कमाल धारणा, आवश्यक वस्तू आणि भूसंपादन हे कायदे रद्द करा अशी मागणी करते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: कारखानदार, डॉक्टर, दुकानदार आपल्या मालमत्तेचे काय करतो ते सरकार विचारत नाही, शेतकऱ्यालाच विचारते. परवानगीची प्रत्येक पायरी म्हणजे एक दलाल. शेतकरी विकतो एकराने, प्लॉटवाला विकतो फुटाने. मधला सगळा फरक शेतकऱ्याच्या हाती पडत नाही, कारण तो कागद करून घेण्याची ताकद त्याच्याकडे नसते. या युक्तिवादातला शेवटचा भाग मला खरा वाटतो. गटार कुठे सोडायचे आणि शेजारच्या शेताची पाणंद कोणी अडवू नये, याचे उत्तर मात्र या मांडणीत सापडत नाही.

विखरणचे उदाहरण दोन्ही बाजू देतात. शिंदखेडा तालुक्यातल्या या गावचे धर्मा पाटील यांची जमीन वीज प्रकल्पासाठी संपादित झाली. शेजाऱ्याला मिळालेला मोबदला आणि आपल्याला मिळालेला मोबदला यांतल्या प्रचंड तफावतीविरुद्ध दाद मागत ते जानेवारी 2018 मध्ये मंत्रालयात गेले, तिथे त्यांनी विष घेतले आणि 28 जानेवारीला त्यांचे निधन झाले. प्रकरण संपादनाचे, पण वादाच्या मुळाशी जमिनीची प्रतवारीच होती. जिरायत की बागायत, झाडे किती, विहीर आहे का, हे पंचनाम्यात कोण कसे लिहितो यावर माणसाच्या जन्माच्या कमाईची किंमत ठरते. सरकारी नोंदीवर विश्वास ठेवा असे नियंत्रणवाद्यांनी सांगताना हे विसरू नये.

तिसरी बाजू ग्रामसभेची. 73 व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे 24 एप्रिल 1993 पासून, जमीन सुधारणा आणि एकत्रीकरण हे विषय पंचायतींकडे द्यावेत अशा अकराव्या अनुसूचीत घातले. राज्याने ते दिले का? कामे दिली, निर्णय दिला नाही. या बाजूचे लोक फड पद्धतीचा दाखला देतात आणि तो रास्तही आहे. विरोधी बाजू विचारते की ज्या पंचायतीचे सदस्यच प्लॉटिंगच्या धंद्यात आहेत, तिच्याकडे नकाशा द्यायचा का. फडाची पंचमंडळी स्वतःच्या पाण्यावर बसलेली होती; आजच्या पंचायतीत बसणाऱ्या प्रत्येकाचे शेत शिवारात असतेच असे नाही. मोठ्या गावांत तर मतदारांचा मोठा भाग साईनगरात राहतो.

सातपुड्याचा पायथा

वरचे तिन्ही युक्तिवाद सातपुड्याच्या पायथ्याशी आले की बदलतात. चोपडा, यावल, रावेर आणि शिरपूर, साक्री या तालुक्यांतला काही भाग अनुसूचित क्षेत्रात आहे. भिल्ल, पावरा, बारेला, तडवी, कोकणा यांची ही वस्ती. इथे जमिनीवरचे बंधन अनेकांना अडचण न वाटता आधार वाटते. त्याला इतिहास आहे. 1970 च्या सुमारास तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहादा-तळोद्यात आदिवासी नेते अंबरसिंग महाराज यांच्या पुढाकाराने आदिवासींच्या हातून गेलेल्या जमिनींचा प्रश्न पुढे आला, श्रमिक संघटनेने तो लढवला, आणि 1974 मध्ये दोन कायदे झाले. महसूल अधिनियमात 36-अ आले, ज्याने आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे जाण्यावर जिल्हाधिकाऱ्यांच्या व शासनाच्या मंजुरीची अट घातली. दुसऱ्या कायद्याने आधी गेलेल्या जमिनी परत देण्याची तरतूद केली.

2025 मध्ये आदिवासींना आपली जमीन थेट खासगी कंपन्यांना भाडेपट्ट्याने देता यावी, असा विचार महसूल खात्याकडून मांडला गेला. पडीक जमिनीतून उत्पन्न मिळेल हा त्यामागचा युक्तिवाद. आदिवासी संघटनांचे उत्तर असे की भाडेपट्टा हा विक्रीचा मागचा दरवाजा ठरतो. अनुसूचित क्षेत्रातल्या पंचायतींसाठीच्या 1996 च्या पेसा कायद्याने जमिनीचे अन्यसंक्रमण रोखण्याचे बळ ग्रामसभेला दिले आहे आणि राज्याचे त्यावरचे नियम 2014 मध्ये आले. त्यामुळे इथे ग्रामसभेची बाजू निदान कायद्यात तरी उभी आहे. सपाटीच्या गावांकडे तेवढेही नाही.

वारा, ऊन आणि गायरान

साक्री तालुक्यात ब्राह्मणवेलच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या, त्याच तालुक्यात शिवाजीनगरला महानिर्मितीचा सौर प्रकल्प 2013 मध्ये सुरू झाला. कमी पावसाचा, उघडा माळ. वीज कंपन्यांना हवी तशी जागा. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या 2023 मधल्या दुसऱ्या टप्प्यात खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये भाडे आणि दरवर्षी 3 टक्के वाढ देऊ केली. जिरायतीत कपाशी लावून हातात पडणारा पैसा आणि हे भाडे यांची तुलना करायला शेतकऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही. या प्रकल्पांना अकृषिक परवानगीच्या कटकटीतूनही सोडवले आहे. घरासाठी एक गुंठा मागणाऱ्याला जी वाट बंद, ती सौर पॅनेलच्या दहा हेक्टरांना खुली. धोरण म्हणून याचे समर्थन करता येते. वीज हवी आहे, पॅनेल काढताही येतात. पण जमिनीचा वापर बदलणे म्हणजे नुकसान, हे तुकडेबंदीचे गृहीत इथे सरकारनेच बाजूला ठेवले, याची नोंद घ्यायला हवी.

या योजनेत गावची सरकारी जमीनही घेतली जाते. ती बहुतेक वेळा गायरान. महसुली दप्तरात ती पडीक, पण धुळे जिल्ह्यातल्या ठेलारी मेंढपाळांना तीच चराई. गायरानावर आणखी एक हक्क सांगणारे आहेत: 1959 मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली झालेल्या भूमिहीनांच्या सत्याग्रहापासून ज्यांनी पडीक सरकारी जमिनी कसायला घेतल्या, त्यांची पुढची पिढी. 2011 च्या जगपाल सिंग निकालात सर्वोच्च न्यायालयाने गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा असे सांगितले, आणि 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने गायरानावरील अतिक्रमणांची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा राज्यभर दोन लाखांहून अधिक बांधकामांवर टांगती तलवार आली. गरिबाचे झोपडे, पुढाऱ्याची शाळा आणि भूमिहीनाचे शेत या तिन्हींना कायदा एकच शब्द वापरतो, अतिक्रमण. वेगळे निकष असावेत का, यावर अजून धड चर्चाही झालेली नाही.

शेजारचे आणि लांबचे दाखले

राज्याची सीमा ओलांडली की मध्य प्रदेश. बऱ्हाणपूर, सेंधव्याकडच्या शेतकऱ्याला 2018 च्या सुधारणेनंतर जमिनीचा वापर बदलायला पूर्वपरवानगी लागत नाही. योजनेशी सुसंगत असेल तर माहिती द्यायची आणि कर भरायचा. कर्नाटकाने 2020 मध्ये बिगरशेतकऱ्याला शेतजमीन खुली केली. महाराष्ट्रही अकृषिक सनदेची स्वतंत्र पायरी काढून टाकण्याच्या दिशेने निघाला आहे. देशातला कल परवानगीकडून कळवण्याकडे आहे हे स्पष्ट आहे. कळवण्याची पद्धत नकाशा असेल तरच चालते. कळवलेले कशाशी ताडायचे ते ठरलेले लागते.

अमेरिकेतल्या मेन राज्याचा दाखला इथे उपयोगी आहे. तिथल्या उत्तरेच्या जंगलात एक कोटी एकरांहून मोठा असा भाग आहे, जिथे नगर वा ग्रामशासनच नाही. 1971 मध्ये राज्याने त्याच्यासाठी जमीन-वापराचा खास आयोग नेमला, 2012 मध्ये त्याचे नाव आणि रचना बदलली. आयोग नियमनही करतो आणि योजनाही, आणि त्यावर दूरच्या राजधानीतून कारभार केल्याचा आरोप सतत होतो. आपल्याकडे परिस्थिती उलटी आहे. प्रत्येक गावाला निवडून आलेली पंचायत आहे, तरी योजना जिल्ह्याहून आणि पुण्याहून येते.

अनिर्णित

काही गोष्टींवर आता मोठा वाद उरलेला नाही. घरापुरत्या जमिनीला शेतीचे प्रमाणभूत क्षेत्र लावणे चूक होते, हे शासनाने स्वतः मान्य केल्यासारखेच आहे. दोन खात्यांकडून दोनदा परवानगी घेण्यात कोणाचा फायदा नाही, हेही.

उरलेले प्रश्न मात्र जड आहेत. नियमित झालेल्या पंधरा तुकड्यांना रस्ता कोण देणार? सातबारा वेगळा झाला म्हणून पाणंद रुंद होत नाही, आणि खुली जागा सोडलेलीच नसेल तर ती कागदावरून निर्माण होत नाही. केळीपट्ट्यातली सिंचित जमीन आणि शिंदखेड्याचा मुरमाड माळ यांना एकच नियम असावा का? 2013 च्या भूसंपादन कायद्यात बहुपिकी सिंचित जमिनीला वेगळे संरक्षण आहे, पण ते सरकार जमीन घेते तेव्हा. शेतकरी स्वतः प्लॉट पाडतो तेव्हा नाही. यावल-रावेरमध्ये भूजल खाली गेले असताना वसाहत कुठे होऊ द्यायची हे पाण्याच्या हिशेबाने ठरवावे, अशी सूचना भूजल तज्ज्ञांकडून येते. जमीन महसुलाच्या कलमांत असा हिशेब नाही.

आणि शेवटी नकाशाचा प्रश्न. माझ्या मते बाकीचे बरेच प्रश्न यात अडकलेले आहेत. शिवार-पातळीवरचा नकाशा, ज्यात पुढच्या वीस वर्षांची घरे, रस्ते, चराई, सिंचित शेत आणि नाल्याची पूररेषा एकत्र दिसेल, असा जळगाव-धुळ्यातल्या गावांकडे नाही. प्रादेशिक योजनेची मोजपट्टी त्यासाठी फार मोठी आणि स्वामित्वची फार लहान. मधली पातळी रिकामी आहे. राज्यघटनेच्या 243-झेडडी कलमाने ती जबाबदारी जिल्हा नियोजन समितीवर टाकलेली आहे: पंचायती व नगरपालिकांच्या योजना एकत्र करायच्या आणि तसे करताना जागेचे नियोजन व पाण्याची वाटणी विचारात घ्यायची. महाराष्ट्रात या समित्या 1998 च्या कायद्याने आल्या. त्यांच्या बैठका होतात, निधीचे वाटप होते, किती टक्के खर्च झाला याची बातमी येते. जमिनीचा नकाशा हा विषय त्यांच्या कार्यसूचीवर घ्यायला नवा कायदा, नवा अध्यादेश किंवा नवी अंतिम तारीख यांपैकी कशाचीही गरज नाही.